गणपतीच्या गाडीचा थर्मोस्टॅट

बों अक्योयच्या गणपतीची गाडी त्या वर्षी विसर्जनाच्या वाटेवर उकळली, ती माझ्या मेव्हण्यामुळे नव्हे. माझ्यामुळे.

एवढं लिहायला मला चाळीसहून जास्त वर्षं लागली. लिहून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की मी उठून स्वयंपाकघरात एक फेरी मारून आलो. बायकोने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "पहिलं वाक्य झालं." ती म्हणाली, "मग बाकीचंही उरका. दादा शहाऐंशीचा झालाय."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. बों अक्योय गावात त्याचा भाजीचा मळा होता आणि एक कामियोनेत होती. मागे उघडा हौदा असलेल्या लहान गाडीला आमच्या बेटावर कामियोनेत म्हणतात. वर्षभर तिच्यातून वांगी आणि कोबी बाजाराला जात. चतुर्थी आली की दादा ती तीन वेळा धूत असे, हौद्यावर बांबूचा मांडव बांधत असे, आणि गावाचा गणपती तिच्यात बसत असे. गाडी चालवायचा मान दादाचा. तो मान त्याला कुणी लिहून दिलेला नव्हता, पण त्या एका दिवसासाठी तो नवा पांढरा सदरा शिवून घ्यायचा आणि पुढे वर्षभर तो घालायचा नाही. यावरून काय ते समजा.

मी सरकारी नोकर. बो बासेंला घर, रोझ हिलला कचेरी, आणि कपाटात मोटार दुरुस्तीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. पुस्तक मी पूर्ण वाचलं होतं. इंजिनाला हात कधी लावला नव्हता.

नदीपर्यंतचा रस्ता दोन मैलांचा, दोन्ही बाजूंना ऊस. पुढे ढोल आणि झांजा, मागे बायका, मध्ये गाडी, आणि गाडीचा वेग नाचणाऱ्या माणसाचा. एवढ्या हळू चाललेल्या गाडीचं इंजिन तापणारच. दादाने त्यावर आपला उपाय काढला होता. तापमापकावरची सुई चढली की तो गाडी थांबवायचा आणि ओरडायचा, "आरती!" लोक आरती करायचे, इंजिन गार व्हायचं. सुई जास्तच चढली असेल तर दोन आरत्या. दादाची भक्ती गावात प्रसिद्ध होती.

मला मात्र हे मागासलेपणाचं वाटायचं. एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं, आपलं बेट स्वतंत्र होऊन दहा वर्षं होऊन गेली होती, आणि आपण सुई बघून आरत्या करतोय! मी पुस्तक उघडलं. त्यात थर्मोस्टॅट सापडला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरचं लहानसं पितळी दार. इंजिन गार असताना ते बंद असतं. पाणी तापलं की ते आपोआप उघडतं आणि पाणी रेडिएटरमध्ये गार व्हायला जातं. दादाच्या गाडीतलं दार अठ्ठ्याऐंशी अंशांना उघडत होतं. थंड देशातल्या लोकांनी ठरवलेला आकडा तो! मी रोझ हिलच्या सुट्या भागांच्या दुकानातून चौऱ्याहत्तर अंशांना उघडणारा आणला आणि विसर्जनाच्या सकाळी तो खिशात घालून सासुरवाडीला हजर झालो.

दादाने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"याने काय होणार, जावईबापू?"

"दार लवकर उघडेल. गाडी तापणार नाही."

"दार लवकर उघडलं म्हणून घर मोठं होतं का? रेडिएटर तेवढाच राहणार."

"दादा, हे शास्त्र आहे."

"असेल बाबा." त्याने तो परत माझ्या हातात ठेवला. जावयाला नाही कसं म्हणायचं? "फक्त जुना जसा असेल तसाच नवा बसवा," एवढं सांगून तो मांडवासाठी केळीचे खांब आणायला गेला.

मी बाह्या वर केल्या. रेडिएटरमधलं थोडं पाणी सोडलं, वरची रबरी नळी काढली, झाकणाचे तीन नट काढले, झाकण उचललं, जुना थर्मोस्टॅट पोह्याच्या चमच्याने उपसून काढला. सगळं पुस्तकातल्यासारखं! मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारली, मेव्हण्याच्या बायकोला हाक मारली, दोघींना जुना थर्मोस्टॅट दाखवला, चहा मागवला, चहा प्यायलो. चहा पिऊन परत आलो तेव्हा जुना कसा बसला होता हे मला आठवेना.

पुस्तक बो बासेंला राहिलं होतं.

नवा थर्मोस्टॅट मी तळहातावर ठेवून पाहिला. खाली गोल पितळी तबकडी आणि तिच्या मधोमध वर आलेला टोकदार गोलसर भाग. हे कुठेतरी पाहिलंय असं वाटलं, आणि लख्ख आठवलं. देऊळ! हुबेहूब लहानसं देऊळ, वर कळस. आता सांगा, कळस कुणी खाली तोंड करून बसवतं का? तेही गणपतीच्या गाडीत? मी कळस वर करून थर्मोस्टॅट बसवला, त्याला कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले आणि झाकण आवळलं.

तो टोकदार भागच गरम पाण्यात बुडालेला असावा लागतो. त्याच्यातलं मेण तापून फुगतं म्हणून दार उघडतं. मी तो इंजिनाकडे पाठ करून बसवला होता.

दोन मिनिटं इंजिन चालवून पाहिलं. सुई तळाला. "बघा!" मी म्हणालो. दोन मिनिटांत कुठल्याच गाडीची सुई चढत नाही, हे कुणी मला सांगितलं नाही.

मिरवणूक निघाली. दादा नव्या सदऱ्यात सुकाणूवर, मी त्याच्या शेजारी पांढऱ्या पाटलोणीत. गावाबाहेर पडतो न पडतो तोच दादा म्हणाला, "जावईबापू, सुई चढतेय."

"चढू दे. आता उघडेल."

"आरती करू?"

"मुळीच नाही! आज एकाही आरतीशिवाय नदी गाठायची."

"देवाला हे आवडेल असं वाटत नाही."

"दादा, दम धरा. उघडेल."

दादा माझ्याकडे बघे, सुईकडे बघे, पुन्हा माझ्याकडे बघे. सुई लाल पट्ट्यात शिरली. "आयो, उघड रे बाबा," असं तो त्या पितळी दाराला म्हणत होता, आणि मीही मनातून तेच म्हणत होतो. मग फाट्कन आवाज झाला. वरची नळी निसटली, बॉनेटच्या फटींतून वाफ उसळली, आणि बघता बघता कामियोनेत, मांडव आणि गणपती, सगळे पांढऱ्या ढगात नाहीसे झाले.

पुढच्या ढोलवाल्यांना वाटलं, मागे कुणीतरी धूप पेटवलाय. त्यांना चेव आला. "मोरया!" मागच्या बायका किंचाळत होत्या, पुढच्यांना तीही भक्तीच वाटली, ते आणखी जोरात वाजवायला लागले. ढगातून फक्त गणपतीचा मुकुट वर दिसत होता, आणि तो इतका सुंदर दिसत होता की एक म्हातारी रस्त्यातच साष्टांग पडली. मी बाहेर उडी मारली आणि गंजाच्या पाण्याने माझी पाटलोण गुडघ्यापर्यंत विटकरी झाली.

गाडी लोकांनी ढकलत नदीवर नेली. गणपती वेळेवर पोचला. पण नदीकाठी मंडळाच्या अध्यक्षांनी, ज्यांना सगळा गाव काका म्हणायचा, दादाला सगळ्यांसमोर धरलं.

"देव पाठीवर असताना गाडी अशी तापवतात? आरती चुकवलीस! एकसुद्धा केली नाहीस!"

दादा मान खाली घालून उभा राहिला. मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, तुमची पाटलोण खराब झाली हो. कुणीतरी पाणी आणा रे!" चार माणसं माझी पाटलोण धुवायला धावली. जावयाला पाट, जावयाला पहिलं ताट; जावयाची चूक त्या गावात कुणाला सुचूच शकत नव्हती. मी तोंड मिटलं.

इथवरचं सांगताना मला अजून हसू येतं. पुढचं सांगताना येत नाही.

दुसऱ्या दिवशी दादा मळ्यात असताना मी "नळी घट्ट करतो" म्हणून झाकण उघडलं, थर्मोस्टॅट उलटा करून बरोबर बसवला, आणि गप्प राहिलो. पुढच्या चतुर्थीला काकांनी ठरवलं, गाडी जावईबापू चालवतील. मी चालवली. सुई चढली की थांबवली आणि ओरडलो, "आरती!" म्हणजे दादाचा मान तर घेतलाच, त्याची युक्तीही घेतली. गाव म्हणालं, जावयाच्या हाताला गुण आहे. अशी नऊ वर्षं, कामियोनेत विकली जाईपर्यंत. दादा गाडीमागे झांजा वाजवत चालायचा. तो पांढरा सदरा मी पुन्हा पाहिला नाही.

गेल्या महिन्यात बायकोला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली, मग डोळे पुसून म्हणाली, "आता तुम्ही सांगता की मी सांगू?" रविवारी आम्ही बों अक्योयला गेलो.

दादा ओट्यावर बसून भोपळ्याच्या बिया निवडत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कळस, कुंकू, नळी, नऊ वर्षं. त्याचे हात थांबले.

"म्हणजे ते तुमच्या त्या पितळी दारामुळे झालं?"

"हो, दादा. सगळी चूक माझी. तुमचा मान मी…"

"मान राहू दे. नक्की? दुसरं काही कारण नव्हतं?"

"दुसरं काय असणार?"

तो उभा राहिला. शहाऐंशीचा माणूस, काठीशिवाय उभा राहिला.

"जावईबापू! विसर्जनाच्या आदल्या दिवशी मी एका कोळी दोस्ताकडे उरीतची कारी खाल्ली होती!"

उरीत म्हणजे ऑक्टोपस, कारी म्हणजे त्याचा रस्सा. चतुर्थीच्या दिवसांत आमच्या घरांत मासळीचा वासही चालत नाही.

"मला वाटलं, देव कोपला. त्या नदीत उभा राहून मी शपथ घेतली की जन्मात पुन्हा उरीत खाणार नाही. चाळीस वर्षं, जावईबापू! सगळ्यांच्या लग्नांत, सगळ्यांच्या ताटांत! समोर बसून मी भाजी खाल्ली! आणि तुम्ही… कळस!"

 मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. मी जवळ गेलो तर तो हसत होता, श्वास अडकेपर्यंत. ते बघून माझी बायको हसायला लागली, मग मीही. बिया सगळ्या ओट्याखाली गेल्या. आत वहिनी विचारत राहिल्या, "कोण आलंय? काय झालं?" आणि तिघांपैकी कुणालाही उत्तर देता येईना.

शांत झाल्यावर मी म्हणालो, हे मी लिहून मंडळाला देणार आहे, चतुर्थीआधी सगळ्यांसमोर वाचून दाखवायला. उरीतचं गाळतो.

"गाळू नका," दादा म्हणाला. "नाहीतर लोक म्हणतील, एवढं ऐकून घेऊन हा गप्प का बसला?"

त्याने दोन अटी घातल्या. यंदा गणपतीच्या लॉरीत पुढे, चालकाशेजारी तो बसणार आणि आरती कधी करायची ते तोच सांगणार. काकांच्या नातवाला, जो आता अध्यक्ष आहे, मी फोन केला आहे. त्याने हो म्हटलंय. दुसरी अट चतुर्थी संपल्यावरची आहे. उरीत मी विकत आणायचं, मीच साफ करायचं आणि मीच शिजवायचं. पुस्तक न बघता.