मामीची काहील

उभी गाडीसुद्धा लागणारी बाई मी एकच पाहिली, ती म्हणजे आमची मामी. जयसिंगपूरच्या स्टँडवर एसटी नुसती येऊन थांबली, की मामी पदर नाकाला लावून चार पावलं मागे. एकदा तिच्या धाकट्या दिरानं नवी कोरी मोटार दाराशी आणली. पूजा झाली, नारळ फुटला, वहिनीला मानानं पुढच्या सीटवर बसवलं, आणि त्यानं किल्ली फिरवायच्या आत वहिनी दार उघडून बाहेर! "वैनी, अजून चालूबी केली न्हाई की!" तो ओरडला. त्यावर मामी म्हणाली, "तुजी न्हाई झाली. माज्या पोटातली झाली न्हवं चालू." हुंगायला हाताशी असावं म्हणून तिच्या पिशवीत कायम एक लिंबू असायचं. आम्ही भाचरं तिला लिंबूमामीच म्हणायचो. मामी जाऊन आता दोन पावसाळे झाले. अजूनही कुणी गाडीची काच खाली करायला लागलं, की मला तिची आठवण येते.

गंमत अशी, की ज्या गोष्टीचं पोटाला वावडं, तिचीच डोक्याला सगळ्यात जास्त उत्सुकता. शिरोळ तालुक्यातल्या त्या घरी कुणीही गेलं, की पाण्याच्या तांब्याआधी मामीचा प्रश्न यायचा, "कशानं आलीस?" नुसतं 'रेल्वेनं' म्हणून सुटका नसे. जागा कुठली मिळाली, खिडकी कुठल्या अंगाला होती, शेजारी कोण होतं, पुणं यायच्या आधी बोगदे लागतात ते खरंच का, हे सगळं सांगावं लागायचं. पुण्यात मेट्रो सुरू झाली तेव्हा तिनं मला मुद्दाम फोन केला. "जमिनीखालनं जाती म्हणं? मग खिडक्या कशाला ठेवल्यात गं?" मी अंदाजानं काहीतरी सांगितलं. "इचारून सांग की कुणालातरी," म्हणाली आणि फोन ठेवला.

मामा अगदी उलटे. कारखान्याला ऊस घालणारा ट्रॅक्टर चालवायचे आणि फिरायचं भारी वेड. दर वर्षी कुठं ना कुठं जायचा बेत करायचे आणि दर वर्षी मामीच्या पोटापुढे तो बारगळायचा. "हिला घेऊन कुठं जाऊ? घरामागच्या परड्यात?" असं चारचौघांत म्हणायचे, पण एकटे मात्र कधी गेले नाहीत. ट्रॅक्टरच्या धुरानं तिला मळमळायचं, म्हणून तोसुद्धा घरापासून लांब, चिंचेखाली उभा करायचे. मामांनी स्वतःच्या हातानं चालवलेल्या वाहनात मामी जन्मात एकदाच बसली, आणि ते वाहन म्हणजे काहील.

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस ज्यात उकळतात ती भलीमोठी, बसकी, लोखंडी कढई. आमच्याकडे पुराच्या वेळी तिचीच नाव करतात. आत माणसं बसतात आणि पट्टीचे पोहणारे काठ धरून तिला ढकलत नेतात. मोठा पूर आला तेव्हा कृष्णेचं पाणी मामांच्या उंबऱ्याला लागलं. बोट काही लवकर येईना, म्हणून मामांनी घरच्या गुऱ्हाळातली काहील ओढून आणली. मामी आणि दोन शेळ्या आत, मामा पाण्यात. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "काय, गाडी लागतीया का?" मामी ही गोष्ट सांगताना दर वेळी इथं थांबायची आणि लाजायची. "खरं सांगतो पोरी," आमच्याकडच्या बायकांच्या 'करतो-जातो' रीतीनं ती म्हणायची, "वाईचबी लागली न्हाई. शेळ्या वरडत हुत्या, मी आपली मजेत."

पुढच्या उन्हाळ्यात मामा अचानक गेले. मग दिरांनी गुऱ्हाळ मोडलं. पुण्यातल्या एका म्युझियमची माणसं जुनी शेतीची अवजारं गोळा करत फिरत होती, त्यांच्या ट्रकातून काहील गेली. वर्षभरानं मामी मला म्हणाली, "एकदा जाऊन येयाचं हाय. तुज्या मामांनी जितं धरलं हुतं, तितं नुस्ता हात लावायचा हाय. कसं जायाचं ते तू बघ."

कसं जायचं यावर दोन वर्षं खल झाला. मोटार बाद, एसटी बाद. शेवटी रेल्वे ठरली, कारण तिथं दारात उभं राहता येतं. रविवारी ती पुण्यात माझ्याकडे पोचली, चेहरा लिंबासारखा पिवळा, पण शुद्धीत. म्युझियमला सोमवारी जायचं हेही तिनंच ठरवलं होतं. सोमवारी तिचा उपवास असायचा. पोटात काही नसलं, की पुण्यातल्या गाड्या काय वाकडं करणार, हा तिचा हिशोब. मीही कौतुकानं सोमवारची रजा टाकली.

मेट्रोत ती लिंबू मुठीत घेऊन बसली. गाडी भुयारात शिरली तशी मूठ सैल झाली. "हितं झाडं पळत न्हाईत," ती खूश होऊन म्हणाली, "म्हणून डोस्कं फिरत न्हाई." समोरच्या कॉलेजच्या पोराला तिनं विचारलं, "पावणं, डायवर कुठल्या अंगाला बसतोय?" त्यानं कानातला इअरफोन काढून हात केला, तर ही उठून तिकडे बघायला निघाली. पुढच्या रिक्षानं मात्र घात केला. दोनदा थांबवून शेवटी आम्ही पायीच निघालो.

म्युझियमचं फाटक बंद होतं. पाटीवर लिहिलं होतं: सोमवारी सुट्टी. हे आम्हा दोघींच्या गावीही नव्हतं. मला रडू यायचं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिला परतायचं होतं, घरी म्हैस व्यायला झाली होती.

मामीचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. दारातून आत जाईना म्हणून असेल, काहील अंगणातच ठेवली होती, गजांपासून दहा-बारा हातांवर. "ती बग," मामी म्हणाली. "कडी वाकडी हाय बग. आमचीच."

आतला रखवालदार पिकल्या मिशांचा, भला माणूस होता. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि वर बोट दाखवलं. "कॅमेरा आहे ताई. आज कुणाला आत घेतलं तर माझी नोकरी जाईल."

एरवी मामी भांडली असती. आज तिनं नुसते गज धरले. मग म्हणाली, "मग तुमीच वाईच हात लावता का, पावणं?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मग गेला आणि काहिलीच्या काठावर हात ठेवला.

"तितं न्हवं. कडीच्या अलीकडं. व्हय, तितंच. घट्ट धरा की."

त्यानं पाची बोटांनी काठ धरला. माथ्यावर ऊन होतं.

"गार लागतंय का ओ?" मामीनं विचारलं.

"गार कुठलं, मावशी? तापलंय नुसतं. चटका बसतोय."

मामी माझ्याकडे वळली. "त्या दिशी पानी लई गार हुतं," ती मला म्हणाली. हे तिनं आजवर कधीच सांगितलं नव्हतं. "पल्याड पोचलो तरी तुज्या मामांची बोटं काठावरनं सुटंनात. आखडली हुती. मी एक एक करून सोडवली."

मग तिनं गजांतून आत हात केला.

"सोडा आता, पावणं," ती म्हणाली. "हात भाजंल."