चूक फक्त c ची होती

माझ्या बायकोच्या मामांइतका समांतर रेषांवर जीव लावणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात दुसरा नसेल. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले, पण शिकवणं थांबलं नाही. आमच्या लग्नात अंतरपाटाची कडा जमिनीला समांतर नाही म्हणून त्यांनी भटजींना मंगलाष्टकं थांबवायला लावली होती. माझ्या मुलीला y = 2x + 3 ला समांतर आणि (1, 8) मधून जाणारी रेषा अडली, तेव्हा हातातला चहा ठेवून म्हणाले, "चढ तोच, दोन. त्याला हात लावायचा नाही. आता बिंदू घाल. आठ बरोबर दोन अधिक c, म्हणजे c सहा. y = 2x + 6. समांतर रेषा अगणित असतात गं, त्यातली आपली कुठली हे तो बिंदू सांगतो."

उमेळ्याला मामा आणि आम्ही एकाच सोसायटीत राहतो. कुंपणाची भिंत बांधायची ठरली, तेव्हा आखणी अर्थातच मामांकडे आली. रस्त्याला समांतर, हद्दीच्या दगडातून जाणारी. पलीकडे कार्मेलबाईंची चिकूची वाडी. मामांनी दोन दिवस उन्हात दोरी धरली आणि भिंत अशी सरळ उभी राहिली की लोक बघत राहायचे.

महिन्याभराने तिला रंग कुठला द्यायचा यावर सभा भरली. मामा उठले आणि म्हणाले, "रंग नको. भिंत पाडायची आहे." सगळे अवाक. मला तर त्यांचं डोकं फिरलं असं वाटलं.

"चढ बरोबर आहे, c चुकला. मी धरलेला दगड विहिरीच्या जुन्या रहाटाचा निघाला. हद्दीचा दगड काल गवतात सापडला. आपण चार फूट बाईंच्या वाडीत आहोत. चूक माझी."

अध्यक्ष समजुतीने म्हणाले, "मास्तर, त्यांची तक्रार नाही. कशाला उकरताय?"

"तक्रार नाही म्हणून c बदलत नाही."

बऱ्याच वादानंतर भिंत पाडायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मला घेऊन वाडीत गेले. कार्मेलबाई चिकू निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "माजी दोन झाडं आत गेली ते दिसत होतं, मास्तर. पन तुमी गनिताचे. म्हटलं, माजंच चुकलं असेल."

 परतताना मामा वाटेत थांबले आणि हळूच म्हणाले, "चाळीस वर्षांत माझ्या वर्गात किती पोरं असंच म्हणून गप्प बसली असतील रे?"