तलावावरची शिट्टी

तलावाच्या पाळीवर दुपारभर एकटीनं बसलं की किस्से गाळासारखे साचत जातात. गाळ काढायला निदान उन्हाळ्यात जेसीबी येतो, किस्से काढायला कोणी येत नाही. घरी सांगावं तर मामंजी, म्हणजे माझे सासरे, कामापुरतंच बोलणारे. परीचे पप्पा सुरतेला कंपनीत. फोनवर "जेवली का, पोरगी बरी हाये का" एवढं झालं की त्यांची शिफ्ट लागते. म्हणून तुम्हालाच सांगते.

आमचा तलाव लहानच, वडनेर भोलजीच्या रस्त्याला. पण गावाची प्यायची विहीर त्याच्या पायथ्याशी आहे. तलावात जे पडतं ते विहिरीत झिरपतं. मागच्या पावसाळ्यात माझ्या परीला जुलाब-उलट्या झाल्या. तीन वर्षांचं लेकरू एका दिवसात सुकून गेलं. ती भीती तेव्हापासून माझ्या पोटात बसली आहे. बचत गटाच्या गोदाकाकूंनी तलाव राखायचं ठरवलं, तेव्हा पहिलं नाव मी दिलं.

तलावात ढोरं, कपडे आणि फवारणीचे पंप धुवायचे नाहीत. रोज एकीनं पाळीवर बसायचं, ती तिची बारी. कोणी दिसलं की शिट्टी वाजवायची.

*

पहिली बारी शेवंताबाईची. नेमका तिचाच नवरा बैल घेऊन आला. तिनं जन्मात त्याला नावानं हाक मारलेली नाही. तिनं शिट्टी फुंकली. तो मागं बघतो, पुढं बघतो.

"कोनाले वाजवली वो?"

"इथं दुसरं कोन हाये?"

"मले?"

"हाव. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमाले माहं काही आयकू आलं."

*

दवाखान्याच्या सिस्टर आम्हाला पाणी तपासायच्या बाटल्या देतात. विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, दोन दिवस उबेत ठेवायचं. पाणी काळं झालं की समजायचं, खराब आहे. पहिल्या खेपेला चार बाटल्या काळ्या झाल्या. गोदाकाकूंची मात्र पाचवी बाटली जशीच्या तशी! बायांनी टाळ्या वाजवल्या.

सिस्टर म्हणाल्या, "काकू, पाणी कुठून घेतलं?"

"विहिरीचंच. उकळलं, गाळलं अन् भरलं."

"उकळलं काऊन?"

"बाटली तालुक्याले जाईन ना, बाई. गावाची इज्जत हाये का नाई?"

माझी बाटली मी परीच्या गोधडीत ठेवली होती. तासातासाला उघडून बघायची. शेजारीण म्हणायची, "दुसरं लेकरू कसं हाये वो?" ते दुसरं लेकरूही काळंच निघालं. त्या दिवसापासून मी सगळं पाणी उकळते. मामंजी म्हणाले, "उकळलेल्या पाण्याले चव नसते," आणि त्यांनी स्वतःचा माठ वेगळा केला.

*

पोळ्याला ठरलं होतं, बैल धुवायला ड्रमनं पाणी बाहेर आणायचं. एक म्हातारा ऐकेना. "वरसातून एक दिवस बैलाचा. तोही त्यानं ड्रमवर काढावा?"

गोदाकाकू म्हणाल्या, "त्याचाच दिवस हाये, आबा. त्याले घरी गरम पाण्यानं धुवा."

म्हातारा कसाबसा वळला, पण बैल वळेना. दरसालच्या सवयीनं तो थेट तलावात जाऊन उभा राहिला. आम्ही पाच बाया शिट्ट्या फुंकतोय आणि तो कान हलवतोय.

म्हातारा पाळीवर बसून म्हणाला, "समजावा आता त्याले."

*

दिवाळीच्या आधी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करून एक जण पंप घेऊन पाण्याकडं आले. बारी माझी होती. आणि आलेले होते मामंजी.

सासऱ्यावर शिट्टी कशी वाजवावी, हे कोणी शिकवलेलं नव्हतं. परी पायाशी मातीत खेळत होती. मी डोक्यावर पदर घेतला, तोंड बाभळीकडं केलं आणि फुंकली.

मामंजी थांबले. "काऊन वो, बाभळीले हाकलून राह्यली का?"

"पंप, मामंजी."

"या तलावाचा गाळ मी डोक्यावर वाह्यला हाये. तुहं लगीन व्हायच्या आंधी."

पंप न धुताच ते निघून गेले. बाभळीचा किस्सा बायांनी आठ दिवस पुरवला. घरी मात्र मामंजींनी माझ्याशी बोलणंच टाकलं. काही लागलं तर परीला सांगायचे, "तुया मायले म्हन, मीठ दे." मी दोन हातांच्या अंतरावरच बसलेली. परी तोंड वळवून मला सांगायची, "आजोबा म्हणते, मीठ दे." मी तिच्या हातात मीठ द्यायची.

*

कापूस वेचणी लागली आणि बाया मजुरीला गेल्या. "तुले लेकरूच सांभाळायचं हाये," म्हणाल्या, "घरी काय अन् पाळीवर काय." सगळ्यांच्या बाऱ्या माझ्या झाल्या.

एका दुपारी तलावावर चिटपाखरू नव्हतं. मी उगीच शिट्टी वाजवली. लांबच्या शेतात दोन बाया उभ्या राहिल्या. कोण होत्या कळलं नाही. त्यांनी हात केला, मीही केला. त्या परत वेचायला वाकल्या. त्या दिवशी माझं तेवढंच बोलणं झालं.

*

तुरीच्या फवारणीत परीला पुन्हा जुलाब लागले. मी शिट्टी बाभळीच्या फांदीला अडकवली आणि गोदाकाकूंना घेऊन मलकापूरचा दवाखाना गाठला. दोन दिवस सलाईन. सुई हलू नये म्हणून बांधलेली पट्टी तिच्या हाताएवढी. मी बाटलीतले थेंब मोजत बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं आलो. काकू घराकडं वळल्या. मी पाळीच्या वाटेनं निघाले, तर शिट्टी ऐकू आली.

बाभळीखाली मामंजी बसले होते. समोर एक जण पंप घेऊन पाण्यात उतरलेला.

तो म्हणाला, "दादा, तुमीच तं दरसाल इथं धुत होते."

"हाव. म्हनूनच सांगून राह्यलो. उचल."

त्यानं पंप उचलला. मग मामंजींची नजर माझ्याकडं गेली. परी माझ्या खांद्यावर झोपली होती. निरोप न्यायला मध्ये कोणी नव्हतं.

"सहापर्यंत बारी हाये माही," मामंजी म्हणाले. "तू घरी जाय. पाणी उकळून ठेवलं हाये."