मंगळवारची चूक, बुधवारची दुरुस्ती

माणूस एकाच जागी तीस वर्षं टिकला की ज्ञान साठो न साठो, किस्से साठतात. मी रत्नागिरीच्या एका लॉ कॉलेजात करकायदा शिकवला. माझ्याकडे दोन्हींपैकी काय जास्त साठलं, याची मला अजून खात्री नाही. म्हणून आपले किस्सेच सांगतो.

*

पीएच.डी. होऊनही वर्गातून घरी आलो की धाकधूक सुरू व्हायची. आज काही चुकीचं तर नाही ना सांगितलं? पुस्तकं उघडायची, आणि हमखास काहीतरी सापडायचं! मग दुसऱ्या दिवशी फळ्यावर सगळ्यात आधी लिहायचं, ‘कालची दुरुस्ती’. हा नेम मी कधी मोडला नाही.

स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "अहो, चूक कबूल केली की पोरं डोक्यावर बसतात."

"नाही केली तर तीच पोरं कोर्टात तोंडावर पडतील," मी म्हणालो. आवाज कापत होता, पण म्हणालो!

*

मग काही मुलं पहिली पाच मिनिटं बसून निघून जायला लागली. त्यांचा म्होरक्या विलास, हर्णेच्या मच्छीमाराचा मुलगा. एकदा त्याला दारातच अडवलं.

"सर, काल काय चुकलं ते आता कळलं," तो शांतपणे म्हणाला. "आज काय चुकेल ते उद्या कळेल. मधलं ऐकून गोंधळ कशाला?"

*

एका मंगळवारी मी सांगितलं, नर्सरीत वाढवलेली आंब्याची रोपं विकली तर कर लागतो. घरी येऊन पाहतो, तर ते शेतीचंच उत्पन्न, कर नाही! बुधवारी दुरुस्ती दिली. कॉलेजच्या चाचणीत मी नेमका तोच प्रश्न काढला. विलासचं उत्तर असं:

‘सरांच्या मंगळवारच्या मतानुसार कर लागतो. बुधवारच्या मतानुसार लागत नाही. आज शुक्रवार आहे.’

पूर्ण मार्क दिले. काय करणार!

*

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, पण मासेमारी म्हणजे शेती नव्हे, असं शिकवत होतो. विलास उठला.

"सर, बागवाल्याला माफी. आणि माझा बाबा वादळात जाळं टाकतो, त्याला कर?"

"शेती म्हटलं की कायद्याला जमीन लागते, विलास."

"मग समुद्राच्या खाली काय असतं ओ, सर?"

तास संपायला वीस मिनिटं होती. मी संपवला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, ‘कालची दुरुस्ती: उत्तर शोधतो आहे.’

*

निवृत्त झालो आणि काही वर्षांनी प्राप्तिकराचा अख्खा कायदाच नवा आला! ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ यांतला फरक मुलांच्या डोक्यात उतरवण्यात माझी हयात गेली होती. नव्या कायद्यात दोन्ही गेली, एकच ‘कर वर्ष’ उरलं.

प्राचार्यांचा फोन आला. "सर, शिकवायला कोणी मिळत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर यंदा हा विषयच बंद ठेवावा लागेल."

मी बायकोला म्हटलं, "मला कुठे येतो नवा कायदा?"

"जुना येत नाही, जुना येत नाही, असं म्हणत तीस वर्षं शिकवलातच ना?" ती म्हणाली. "मग नवाही न येता शिकवा!"

जुन्या नोट्स माळ्यावर टाकल्या. दोन महिने कायदा पहिल्या पानापासून वाचला. घाबरणं थांबलं नाही; वाचणंही थांबवलं नाही.

*

पहिला तास. वर्गात शिरलो तर मागच्या बाकावर काळ्या कोटात विलास! आता दापोलीला वकिली करतो. प्राचार्यांची परवानगी काढून नवा कायदा शिकायला आला होता.

सवयीने फळ्यावर लिहिलं, ‘कालची दुरुस्ती’. मग लक्षात आलं, काल तर तासच नव्हता. पुसायला हात उचलला. पण पुसलं नाही. पुढे लिहिलं, ‘गेल्या तीस वर्षांचं सगळं.’

जुनं काय काय गेलं ते सांगत होतो. बरोबर पाच मिनिटं झाली आणि मागचा बाक करकरला. विलास उठला. तो सरळ दारापर्यंत गेला, दाराला आतून कडी लावली आणि परत येऊन बसला.

"हां सर," तो म्हणाला, "आता मधलं सांगा."