सातवा खून आणि बाबूभाई

छापखान्यात काम केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. शाईसारखे ते अंगाला लागतात आणि साबणानं जात नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी सांगलीच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचो. तिथं जोशीमास्तरांची डिटेक्टिव्ह कादंबरी छापली जायची. दर महिन्याला एक प्रकरण, दर प्रकरणात एक खून! खुनी सगळीकडं एकच.

मास्तर ज्याच्यावर चिडायचे, त्याला पुढच्या प्रकरणात मारायचे. घरमालक गेला, न्हावी गेला. समोरचा चहावाला गणपा एकदा रुसूनच आला.

"मास्तर, माझा खून कवा करणार?"

"आधी चहा तरी बिघडव!"

०

एका महिन्यात कागद मिळेना. मालक म्हणाले, "सोळाच पानं देतो."

मास्तर भडकले. "सोळा पानांत माणूस मरतो हो, पण डिटेक्टिव्ह पोचत नाही!"

त्या महिन्यात खुनी आरामात निसटला.

०

आमचे कंपोझिटर बाबूभाई रोज मिरजेहून यायचे. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवता जुळवता ते डिटेक्टिव्हशीच भांडायचे. "लय वेंधळा हाईस गड्या! पावसानं ठसा पुसायच्या आत बघ की रं!"

मास्तर म्हणायचे, "बाबूभाई, तुम्ही खिळे जुळवा. खुनी मी पकडतो."

०

सात खून झाले. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं, आणि बाबूभाईंच्या पोटाचं ऑपरेशन निघालं. डॉक्टर काही खात्री देईनात. मी आणि मास्तर मिरजेच्या इस्पितळात गेलो, तेव्हा बाबूभाई स्ट्रेचरवर होते.

"मास्तर, जगतो का मरतो, अल्ला जाणे. खुनी कोण, तेवढं सांगा."

मास्तरांनी हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. पण ते वाकले आणि कानात बोलले.

बाबूभाई ताडकन उठायला लागले. "वकील? न्हाई वो! दुसऱ्या खुनाला वकील साताऱ्यात व्हता. मीच जुळवलंय ते पान!"

मास्तर पांढरेफटक पडले. "मग कोण?"

तेवढ्यात स्ट्रेचर हललं. "आल्यावर सांगतो!" म्हणत बाबूभाई आत गेले.

आम्ही दोघं बाकावर बसलो. मला रडू येत होतं. मी उगाच विचारलं, "मास्तर, आता शेवट कसा करणार?"

"खुनी गेला खड्ड्यात," मास्तर म्हणाले. "आमचा बाबूभाई वाचू दे."

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. ऑपरेशन नीट झालं होतं. क्लोरोफॉर्म उतरतोय आणि पेशंट सारखा 'मास्तर, मास्तर' करतोय, म्हणाले.

मास्तर चपला विसरून आत धावले. त्यांनी बाबूभाईंचा हात धरला. बाबूभाईंनी डोळे जरासे उघडले, मास्तरांना ओळखलं आणि पुटपुटले,

"लिवून घ्या."