खाप्याचा रिकामा खडक

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर टाइमपास म्हणूनच वाचल्या. मी हौशी फोटोग्राफर... फोटोत काही विचित्र दिसलं की मला आधी लेन्सवरची धूळ आठवते, मग शटर स्पीड. हे लिहायलाही मी बराच वेळ घेतला, कारण यात माझ्या सख्ख्या बहिणीचं घर आहे.

मी नागपुरात नंदनवनला राहतो. मोठी बहीण शोभाताई दोन गल्ल्या सोडून. तिचे यजमान मनोहरभाऊजी सरकारी ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. रोज सकाळी ध्यानाला बसायचे. एकदा बसले की तोंडावर माशी फिरली तरी हलायचे नाहीत. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात मी त्यांना खाप्याला नेलं.

तिथे कन्हान नदीवर मला लाँग एक्स्पोजर करायचं होतं. म्हणजे लेन्सवर जवळजवळ काळी काच — एनडी फिल्टर — लावायची, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, आणि भर उन्हातही शटर दोन-दोन मिनिटं उघडं ठेवायचं. वाहतं पाणी दुधासारखं गुळगुळीत येतं. जे हलतं ते पुसलं जातं, जे स्थिर असतं तेच फोटोत उरतं. पाण्यातल्या खडकावर ध्यानस्थ माणूस... ही फ्रेम कधीची डोक्यात होती.

भाऊजींनी चपला काढून कडेला ठेवल्या आणि मांडी घालून बसले.

"किती वेळ बसू गा?"

"मी आवाज देईपर्यंत. फक्त हलू नका, भाऊजी."

शटर उघडलं. पूर्ण वेळ माझी नजर त्यांच्यावर होती, हे मुद्दाम लिहितोय. ते उठले नाहीत. मानसुद्धा वळवली नाही.

स्क्रीनवर फोटो आला. दुधासारखं पाणी, खडक, खडकाच्या कडेला चपलांचा जोड — शिवण दिसावी इतका शार्प. आणि भाऊजी नव्हते. ब्लर नाही, पुसटशी सावलीही नाही. ते जिथे बसले होते तिथल्या खडकाच्या भेगा स्वच्छ दिसत होत्या.

दुसरा घेतला. तेच. फिल्टर काढून साधा फोटो घेतला — भाऊजी बसलेले, जरासे हसणारे. परत फिल्टर लावला... परत रिकामा खडक.

"जमला का?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"नाही. हललात तुम्ही थोडेसे."

"मी? मी तं बोटही हलवलं नाई गा!"

मी कॅमेरा बॅगेत टाकला. ते रिकामे फोटो मी त्यांना दाखवले नाहीत. घरीही कोणाला बोललो नाही.

परत येताना सावनेर मागे पडल्यावर भाऊजी म्हणाले, "पाण्याचा आवाज मधातच बंद झाला होता ना?"

मला तर तो आवाज सतत ऐकू येत होता.

माझ्या एका फोटोग्राफर मित्राला फाईल्स दाखवल्या. तो म्हणाला, उठून गेले असतील, तुझं लक्ष नसेल. मग त्यालाच तिथे नेलं. तोच खडक, तेच सेटिंग. हा बुवा सारखी चुळबुळ करत होता, तरी फोटोत आला. ब्लर, पण आला.

त्यानंतर महिनाभरातच भाऊजी गेले. दुपारची वेळ. ताईकडे शेजारच्या बायका आल्या होत्या. हॉलमध्ये चहा झाला, हसणं-बोलणं झालं. भाऊजी त्याच हॉलमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत होते. बायका गेल्यावर ताईने त्यांना हाक मारली, तेव्हा कळलं. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक, आणि बराच वेळ झालाय. एवढ्या बायकांपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. त्यातली एक तर रडत रडत शपथेवर सांगत होती, "खुर्ची रिकामी होती जी... मी तिथं माझी पर्स ठेवणार होती."

तेरवीला तोच साधा फोटो मोठा करून ठेवला. संध्याकाळी पाहुणे पांगले. ताई माझ्याजवळ येऊन बसली.

"संजू, त्या दिवशी तू पाण्यातले बी फोटो काढले होते ना? दाखव मले."

मी टाळलं. तिने हात पुढेच ठेवला. शेवटी मोबाईल दिला. वाटलं, ती रडेल, विचारेल, हे काय आहे म्हणून. तिने तिन्ही फोटो शांतपणे पाहिले आणि मोबाईल परत दिला.

"खाप्याहून आले तवापासून रोज विचारत होते," ती म्हणाली.

"काय?"

"'शोभा, मी दिसून राहिलो ना वं तुले?' चहा देताना, जेवताना... मले वाटे, मस्करी करून राहिले. त्या दिवशी बी विचारलं, बाया यायच्या आधी. मी किचनमध्ये होती. आतूनच म्हटलं, 'हो जी, दिसून राहिले.'"

तिने भाऊजींच्या फोटोकडे पाहिलं.

"पाहिलंच नाई संजू मी. आतूनच म्हटलं."

भाऊजींना कसं कळलं, कॅमेऱ्याने काय टिपलं, काय टिपलं नाही... मला आजही माहीत नाही. आणि त्या वेळी ताईने बाहेर येऊन पाहिलं असतं तर काय दिसलं असतं — हे ती मला अजूनही विचारते.