तातांचे परदेशी पितर

आमच्या तातांइतका देवभोळा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नाही, आणि तातांइतकी ख्रिस्ती पुस्तकं वाचलेला माणूस तर चर्चमध्येसुद्धा शोधून सापडायचा नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, हा प्रश्न आमच्या समस्त भाऊबंदांना पडतो. तातांना तो आजवर पडलेला नाही. ताता म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. आम्ही विणकर, घरात तेलुगू बोलणारे, म्हणून आजोबांना ताता म्हणायचं. ते गिरणीत जॉबर होते, म्हणजे मागांच्या एका खात्यावरचे मुकादम. पुढे गिरणी बंद पडली, गुडघे गेले, आजी गेली, आणि तातांकडे देव तेवढा राहिला. आमच्या देवघरात इतके देव आहेत, की सगळ्यांच्या आंघोळी उरकेपर्यंत उन्हं चांगली वर येतात. तातांना उपास नाही असा वार आठवड्यात कुठला, हे आईलाही आठवून सांगावं लागतं.

ख्रिस्ती पुस्तकांचं खूळ घरात आणलं ते समोरच्या बिल्डिंगमधल्या सरांनी. सर मिशनच्या शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेले. बायको फार पूर्वी गेली, मूलबाळ नाही, घरात पुस्तकंच पुस्तकं. आजी गेल्यावर ताता बोलेनासे झाले. पूजा करायचे, पण ती मस्टरवर सही केल्यासारखी. भेटायला येणारे सगळे ‘देवाची मर्जी’ म्हणून चहा पिऊन जायचे. सर आले आणि काहीच न बोलता एक पातळसं पुस्तक ठेवून गेले. कुठल्याशा बर्फाळ मुलखातल्या एका म्हाताऱ्या पाद्र्याचं, मराठीत आणलेलं. त्याचे डोळे जात चालले होते आणि पुस्तकभर तो देवाला विचारत होता, की मी तुझं काय वाकडं केलं. तातांनी ते एका बैठकीत संपवलं आणि काठी घेऊन थेट सरांच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, “हा तर देवाला जाब विचारतोय की ओ.”

सर म्हणाले, “विचारतोय खरा. पण सोडत नाहीये त्याला, जॉबरसाहेब.”

झालं, सरांना गिऱ्हाईक भेटलं. त्या दिवसापासून सर पुस्तकं पुरवत गेले आणि ताता फडशा पाडत गेले. तुम्हाला यांचं एवढं काय आवडतं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “आपल्याकडं जो उठतो तो शेजाऱ्याचं पाप सांगत बसतो. हे लोक पुस्तकभर स्वतःचं सांगत्यात. लई दम लागतो त्याला, पोरी.” पुस्तकाची परीक्षा करायची त्यांची रीत गिरणीतली. पान दोन बोटांत धरून चोळायचं, चार ओळी वाचायच्या, मग निकाल. जन्मभर अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंच्या पुस्तकाबद्दल ते म्हणाले, “सूत जाडंभरडं हाय, पण वीण घट्ट. पिढ्यान्‌पिढ्या टिकंल.” आणि प्रार्थना केली की धंद्यात बरकत येते, असं सांगणाऱ्या एका गुळगुळीत कागदाच्या पुस्तकाबद्दल म्हणाले, “नुसती खळ हाय. एकदा धुतलं की चिंधी.” ते पुस्तक सरांनीही परत नेताना काखेत लपवून नेलं.

एक पंचाईत मात्र मोठी होती. मागांच्या खडखडाटात उभी हयात गेल्यामुळे तातांना हळू बोलता येत नाही, आणि मनात वाचणं हा प्रकार त्यांना माहीतच नाही. पूजा आटोपली की ते गच्चीच्या जिन्यावर बसून वाचायला लागत आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाई. “हे प्रभू, मी नीच आहे. मी सख्ख्या भावाला फसवलं. मी दारूत बुडालो, माझ्या आईला मी रडवलं!” असं आठवडाभर चाललं. शेवटी आमचा दूधवाला दारात घुटमळला आणि आईला हळूच म्हणाला, “वहिनी, झालं गेलं. आता म्हातारपणी त्यांना माफ करून टाका की.” आईला काही कळेना. मग उलगडा झाला तेव्हा ती ओट्याला धरून हसली. ताता मात्र दूधवाल्यावर खूष झाले. “बघ, त्याला माझी कीव आली,” म्हणाले. “म्हणजे लिहिणाऱ्याचं काम झालं.”

धाकट्या काकांना यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. “ताता बाटणार, आज ना उद्या बाटणार,” हे त्यांचं पालुपद. त्यांना काय माहीत, की गाडी अगदी उलट्या दिशेनं निघाली होती. ताता ख्रिस्ती होत नव्हते. ते एकेका ख्रिस्ती लेखकाला आमच्या कुळात घेत होते.

त्याची सुरुवात एका मराठी लेखकापासून झाली. जुन्या काळचा गृहस्थ, तरुणपणी ख्रिस्ती झाला, म्हणून वडिलांनी तो जिवंत असतानाच त्याचं श्राद्ध घातलं. हे वाचून तातांना घास गोड लागेना. सरांना बोलावून विचारलं, “मग मेल्यावर कुणी घातलं?”

“आता कोण घालणार? ख्रिस्ती माणूस तो,” सर म्हणाले.

“जिवंतपणी घातलेलं लागू होत नसतं ओ. म्हणजे हा माणूस तवापास्नं उपाशीच हाय.”

सर हसले. तातांनी ते हसणं कानाआड केलं आणि त्या साली सर्वपित्री अमावास्येला गच्चीवर एक पान जास्त मांडलं. मग तो शिरस्ताच पडला. ताता कुठलंही पुस्तक आधी मागून उघडू लागले. लेखकाला मूलबाळ होतं का, मरताना जवळ कोणी होतं का, एवढं पाहायचं. या लोकांत संन्यासी फार, त्यामुळे आमचे पितर दर वर्षी वाढत गेले. अंध पाद्री आला, अंथरुणाला खिळलेल्या बाई आल्या, वाळवंटात एकटा राहणारा एक जोगी आला. “माझ्या सासऱ्यांनी माझ्यामागं एवढे परदेशी सासरे लावून दिलेत,” असं म्हणत आई वड्यांचं पीठ दुप्पट भिजवायची. तक्रार करायची, पण एकाचंही पान कधी कमी वाढलं नाही तिनं.

आमचे पुरोहित पहिल्यांदा बिथरले होते. तर्पणाला गोत्र लागतं, ते कुठून आणायचं? ताता म्हणाले, “ज्याचं गोत्र माहीत न्हाय त्याचं कश्यप, हे तुमीच सांगता की.” त्यामुळे बर्फाळ मुलखातले ते पाद्रीबुवा कश्यप गोत्राचे झाले. पुरोहितांची जीभ त्यांच्या नावाशी अडखळली तसे ताता खेकसले, “नाव नीट घ्या. पाणी भलत्यालाच जाईल.” त्या वर्षी सगळ्या पानांना कावळा शिवला, पण पाद्र्याच्या पानाकडे एकही फिरकेना. ताता कासावीस. गच्चीतूनच सरांना फोन. “त्याचं काय राहिलं होतं ओ? पुस्तकात काही हाय का?” सर म्हणाले, “डोळे, ऊन, असं बरंच राहिलं असेल. पण आधी पाव ठेवून बघा.” मी बेकरीतून पाव आणला. पानावर ठेवला न ठेवला तोच कावळा आला आणि पाव घेऊन गेला. तातांनी हात जोडले. वडा तिखट झाला असणार, असं त्यांचं मत पडलं.

त्या अमावास्येला सर दर वर्षी आमच्याकडे जेवायला असत. खीर ओरपत, गवारीची भाजी मागून घेत. त्यांच्या लेखकांचं हे जे काही चाललं होतं, त्यावर त्यांनी कधी हरकत घेतली नाही. “ते त्यांचं आणि तुमचं,” म्हणायचे. गेल्या वर्षी मात्र जेवण झाल्यावर हात पुसत ते म्हणाले, “जॉबरसाहेब, एक मागतो. मी गेल्यावर माझं पान मांडू नका.”

ताता एकदम ताठ झाले. “का? माझ्या घरचं गोड लागत न्हाय?”

“तसं नाही हो. आमच्यात माणूस गेला की तो प्रभूच्या घरी पोचला. तिथं त्याला काही कमी पडत नाही. मी जन्मभर यावर विश्वास ठेवलाय. तुम्ही पान मांडलंत तर मला काही कमी पडतंय असं होईल.”

“तितं वडे मिळत्यात का?”

“मिळत असतील,” सर म्हणाले. “पण नाही मिळाले तरी मी मागणार नाही. मला शब्द द्या.”

ताता चार दिवस सरांशी बोलले नाहीत. सरांच्या मागे रडणारं कोणी नव्हतं, आणि सोयऱ्यानं करावं असं एकच काम तातांना त्यांच्यासाठी करता येण्यासारखं होतं. तेच या माणसानं काढून घेतलं. पाचव्या दिवशी काठी टेकत गेले, दारातूनच “दिला शब्द” एवढं म्हणाले आणि मागे फिरले. मग सरच चप्पल घालून त्यांच्यामागे चहाला आले.

यंदा श्रावणात सर गेले. दुपारी वाचता वाचता खुर्चीतच. पुण्याहून पुतण्या आला, दफन झालं. तातांना आम्ही रिक्षातून कब्रस्तानात नेलं. मूठभर माती टाकायची असते हे त्यांना पुस्तकांतून ठाऊक होतं. सगळ्यांची टाकून झाली तरी ताता मूठ मिटून उभे होते; पुतण्यानं खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी ती उघडली. घरी आल्यावर त्यांनी पानाचा विषय काढला नाही. पण पितृपंधरवडा जवळ यायला लागला तशी त्यांची तगमग दिसायला लागली. आपल्याजवळची सगळी ख्रिस्ती पुस्तकं काढून ते पुन्हा वाचत बसले. जन्मात पहिल्यांदा मनातल्या मनात. मी विचारलं, “काय शोधताय?”

“एकानं तरी परवानगी दिली असंल की,” ते म्हणाले.

आणि एकानं दिली होती. मेलेल्यांसाठी जिवंतांनी प्रार्थना करावी, त्यांना ती पोचते, असं एका धर्मगुरूनं चांगलं पानभर लिहिलेलं होतं. तातांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं सुटलो. पण त्यांनी मागचं पान उघडून त्या धर्मगुरूचा पंथ पाहिला आणि पुस्तक मिटलं. “हा रोमन कॅथलिक मंडळींतला. सर त्यातले नव्हते. दुसऱ्या गिरणीचं कापड हे, आपल्या गठ्ठ्यात घालता येत न्हाय.” काका, जे इतकी वर्षं तातांच्या नावानं खडे फोडत होते, तेच या वेळी विरघळले. म्हणाले, “ताता, मांडा ना पान. सरांना काय कळणार आहे?” ताता म्हणाले, “कळणार नसंल, तर पानबी कळणार न्हाय त्यास्नी. आणि कळणार असंल, तर शब्द मोडलेलाबी कळंल.”

सर्वपित्रीला गच्चीवर पानं मांडली. आमचे पितर, मग सगळे कश्यप गोत्राचे. शेवटी आईनं कुणाला न विचारता आणखी एक पान आणून ठेवलं, गवारीची भाजी जरा जास्त वाढलेलं. ताता गुडघे धरत वाकले, ते पान उचललं आणि आईच्या हातात परत दिलं. रागावले नाहीत. “तू केलंस, लई केलंस,” एवढंच म्हणाले. कावळे आले, सगळ्या पानांना शिवले, आम्ही खाली येऊन जेवायला बसलो. ताता पाटावर बसले नाहीत.

आई म्हणाली, “ताता, जेवा की. बरं वाटत नाही का?”

“बरं हाय मला.”

“मग?”

“सर म्हणत होते तितं काही कमी न्हाय. खरंच असंल. इतकी पुस्तकं लिहिणारे काय खोटं लिहितील?” त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. “पण मला काय दिसतंय का? मी हितं वडे खायचे आणि त्यांचं काय झालं म्हाईत न्हाय. ते उपाशी असतील तर दोघं उपाशी राहू.”

मग आम्हालाही घास जाईना. मी ताटावरून उठले आणि मोरीत जाऊन रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तातांनी त्या दिवशी पाणी सोडून काही घेतलं नाही. इतके उपास त्यांनी केले, पण हा एक उपास त्यांच्या कुठल्याच देवाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली आणि ताता आपण होऊन स्वयंपाकघरात येऊन बसले. आईनं काही न विचारता ताट केलं. त्यांनी भाकरी मोडली, भाजीला लावली, पहिला घास घेतला. मला राहवेना. मी विचारलं, “ताता, पटली खात्री?”

“खात्री कुठली पटतीय,” ताता म्हणाले. “विश्वास ठेवला.” आणि जरा गवार वाढ म्हणाले.